सरावाचं डोकं

घानातल्या कुमासी शहरात मॅडम सेर्वांच्या पार्लरच्या वर्गात सरावासाठी बाहुल्यांची सहा डोकी होती. सहाही जणींचे केस सोनेरी, सरळ, लांबसडक. तिथं शिकणाऱ्या अफ्रियेनं दोन वर्षं तेच विंचरले.

काल तिला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. बाईचे केस अफ्रियेसारखेच, घट्ट पिळांचे. "सरळ करू नकोस, वेण्याही नकोत. आहेत तसेच छान दिसू देत," बाई म्हणाली. अफ्रियेनं मुळापासून कंगवा ओढला. कंगवा मोडला आणि बाई डोकं धरून निघून गेली.

"मॅडम, आपल्या केसांचं तुम्ही शिकवलंच नाहीत," आज अफ्रिये भर वर्गात म्हणाली.

"त्यात काय शिकायचंय? औषध लावून सरळ करायचे, नाहीतर वर विग चढवायचा."

"आणि कुणाला तसेच हवे असले तर?"

"तसल्या केसांची बाहुली मिळत नाही बाजारात. सराव कशावर करशील?"

वर्गातल्या अठरा मुली एकमेकींच्या डोक्यांकडे बघायला लागल्या.

मॅडमनी दाराला कडी लावली. स्वतःचा विग काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. खालचे केस करडे, गुंतून पार गोळा झालेले.

"अकरा वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही," त्या म्हणाल्या. "आधी भरपूर पाणी लाव. मग टोकाकडून सोडवत मुळाकडे ये. हळू."

"म्हणजे तुम्हाला येतं, मॅडम?"

"माझ्या आईला यायचं. मला फक्त तिच्यासमोर बसता यायचं."