सकाळची सुई

"आई, रिपोर्टात निघालं तर मला बी रोज टोचणार का तू?" रोहिणीने विचारलं.

"टोचीन की. आप्पांना नव्हते का टोचत?"

"आप्पा म्हणायचे, तुझा हात लई जड हाय."

रुद्राणीने नंबराची चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली. अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या बाकावर मायलेकी नऊपासून बसल्या होत्या. आप्पा, म्हणजे रुद्राणीचे वडील शिवलिंगप्पा, जाऊन सव्वा महिना झाला होता. ते असतानाच युसूफ वडगाव या गावी आरोग्य शिबिरात तिघांचं रक्त घेतलं होतं. मधुमेह रक्तातूनच आलाय का, ते आज कळणार होतं. तेरा वर्षांच्या रोहिणीची उपाशीपोटी साखर एकशे पस्तीस निघाली होती.

आप्पांचीही तेवढीच असायची. पंधरा वर्षं. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, शेवटी इन्सुलिनची सुई आली. तरी आकडा फारसा हलेना, म्हणून रुद्राणी कुणाला न विचारता दोन-दोन युनिट वाढवत गेली.

लिंगपूजा झाल्याशिवाय आप्पा तोंडात काही घालत नसत. सुई मात्र अंघोळ झाली की लगेच. त्या सोमवारी पूजा लांबली. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलेल्या आप्पांचा हात थरथरू लागला. कपाळावरची विभूती घामाने ओघळली.

"रुद्रे, गुळाचा खडा दे गं."

पूजेतून गूळ? चोरून गोड खायची त्यांची खोड जुनीच होती. रुद्राणी फणकारली. "नाटकं पुरे, आप्पा. साखरेनंच मरायचंय का तुमाला?"

"न्हाई तर ऱ्हाऊ दे, बाई," आप्पा पुटपुटले. त्यांनी डोळे मिटले, ते मिटलेच.

गाव म्हणालं, पूजेत गेला, भाग्याचा माणूस. रुद्राणीला एकच सल होता, दोन युनिट आणखी आधीच वाढवायला हवी होती. पोरीच्या बाबतीत हयगय करायची नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं.

नाव पुकारलं गेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.

"तिघांच्याही जनुकात एकच बदल आहे."

रुद्राणीने पोरीचं मनगट घट्ट धरलं. "मग सुई आजच चालू करा, बाई. मला देता येती."

"सुई कशाला? या बदलामुळे साखर जन्मापासून थोडी वर असते, एवढंच. शरीराचं त्याने काही बिघडत नाही. पोरीला औषध द्यायचं नाही. उगाच दिलं तर साखर एकदम उतरून जिवावर बेतायचं."

रोहिणीने मोठ्याने श्वास सोडला आणि आईकडे बघून हसली.

"आन् आप्पांचं?" रुद्राणीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी शिबिरातला जुना अर्ज उलटून पाहिला.

"त्यांचंही हेच. इथे लिहिलंय, इन्सुलिन घेतात म्हणून. घरी गेल्यावर सांगा त्यांना, आजपासून सुई बंद."