भोपळ्याचा पहिला काप

मिरजेतल्या त्या दुकानात भोपळा कापण्याआधीच तंबोरा ऐकू यायचा. नसीमा भोपळ्यावर पेन्सिलीने रेघ मारायची, आणि तिथे कापलं तर तंबोरा कसा वाजेल हे दुकानातलं नवं यंत्र वाजवून दाखवायचं. आठ महिन्यांत अकराशे रेघा ऐकून झाल्या होत्या. भोपळा रेघांनी काळा पडला होता, करवत खुंटीवरच होती, आणि तंबोरा सांगितलेल्या गायिकेने काल दुसरं दुकान बघते म्हणून कळवलं होतं.

"अजून एक रेघ, अब्बा. जरा वर घेऊन बघते."

अब्बांनी भिंतीवरचा जुना तंबोरा काढला. याच्यावरच नसीमा सूर लावायला शिकली होती.

"याची मापं घाल."

तिने घातली. यंत्र म्हणालं, "कापू नये."

"माझा पहिला भोपळा," अब्बा म्हणाले. "रेघ वाकडीच गेली होती. मग महिनाभर तारांखालची घोडी घासत बसलो, तेव्हा कुठे बोलायला लागला."

नसीमाने यंत्र बंद करून करवत काढली. भोपळ्यात ती शिरताना खर्र झालं. इतक्या महिन्यांत हाच एक आवाज तिने ऐकला नव्हता.