गुरांची साक्ष

“डाग माझा, तर गुरं माझी,” गॅरिटी म्हणाला. त्याच्या कुंपणात तीनशे गाई उभ्या होत्या. पुठ्ठ्यांवरचे तापल्या लोखंडाचे डाग अजून ताजे होते.

नवऱ्यामागे हेस्टरकडे एवढाच कळप उरला होता. तो गेला, तर कुरणही जाणार होतं.

“बाई, पुरावा?” शेरीफनं विचारलं.

“गुरं हाकताना मी रोज गाते. ती माझा आवाज ओळखतात.”

गॅरिटी खो-खो हसला. “गाण्यानं गुरं येत असती, तर गुराखी कशाला पोसले असते? बँडच लावला असता!”

“मग आधी तूच गा,” शेरीफ म्हणाला.

गॅरिटीनं हॅट मागे सारून सूर लावला. त्याचा घोडा तेवढा दोन पावलं मागे सरला.

हेस्टर माणसांसमोर कधीच गायली नव्हती. तिनं सगळ्यांकडे पाठ केली.

चला गं बायांनो,
    ऊन उतरलं,
        ओढ्याला पाणी आलं—

पहिल्या ओळीला शिंगं वळली.
    दुसरीला धूळ उठली.
        तिसरीला तीनशे गाई कुंपणाला भिडल्या आणि खांब करकरले.

शेरीफनं स्वतः फाटक उघडलं. “पुरे, बाई! पटलं मला.”

हेस्टर गातच घोड्यावर बसली. घर अजून तीन मैल होतं.