ठिपक्यांच्या फ्रॉकची घडी

विद्याधरने पार्सलची सुतळी दातांनी तोडली. शनिवारी दुपारी पोस्टमन येईल तेव्हा नवरा कारखान्यात असेल, असा अलकाचा अंदाज होता. पण आज दुसरा शनिवार, सुट्टीचा. एवढी साधी गोष्ट ती विसरली होती.

कागदातून गडद निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा फ्रॉक निघाला. रुंद कॉलर, भरपूर घेर, कमरेला बक्कलचा पट्टा. आईच्या पिढीतल्या कॉलेजच्या मुली घालायच्या तसा. संध्याकाळी मराठी मंडळात जुन्या जमान्याच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, जो तो त्या काळच्या कपड्यांत येणार होता आणि अलका गाणार होती. बंगलोरच्या येलहंक्यातल्या एकाही शिंप्याने हे काम घेतलं नाही. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सगळ्यांनी "आगल्ला, मेडम", जमणार नाही, म्हणत हात जोडले होते. शेवटी स्टँडजवळ नव्यानेच निघालेल्या सायबर कॅफेत बसून तिने हा शोधून काढला. जुन्या धर्तीचा, तिच्या मापाचा, आणि साध्या कॉटनच्या साडीच्या किमतीत. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत कशाचा झाला नव्हता.

विद्याधरने वर चिकटवलेली चिठ्ठी मोठ्याने वाचली. "छाती पन्नास. कंबर सेहेचाळीस."

"अहो, हळू."

"आता कशाला हळू? इंटरनेटवर टाकलीस ना मापं? पार अमेरिकेत वाचत बसले असतील लोक!"

"तसं नसतं हो. फक्त दुकानवाल्याला..."

थप्पड अशी बसली की तिचं डोकं कपाटाच्या मुठीवर आपटलं. दुसरी कानाखाली बसली. ओठ दाताखाली सापडून फाटला. नोकरीसाठी नागपूरहून बंगलोरला आलेली त्याची बहीण मुग्धा सोफ्यावर पेपर वाचत होती. तिने पेपर जरा वर धरला.

"एन् आय्तु, अक्का?" खालच्या मजल्यावरून सुशीलम्माने हाक दिली. काय झालं, हे ती दर वेळी विचारायची आणि दर वेळचं उत्तर अलकाच्या जिभेवर तयार असायचं.

"एन् इल्ला! पात्रे बित्तु!" काही नाही, भांडं पडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंडही आपलं आपणच दाबायचं.

विद्याधरने कात्री उचलली. आता कसंही करून फ्रॉक वाचवायला हवा होता, आणि अलकाला सुचलं तेही सासरी शिकवलेलंच सुचलं. घरात नवं कापड आलं की त्याची घडी नणंदेने मोडायची. बहिणीच्या अंगावर चढलेल्या कपड्याला हा कात्री लावणार नाही.

"वन्सं," ती ओठ पुसत म्हणाली, "घडी तुम्ही मोडा ना. एकदा घालून बघा."

मुग्धाला तेवढंच हवं होतं. सलवार-कमीजवरच तिने फ्रॉक चढवला आणि घेर धरून गिरकी घेतली. विद्याधरने खरोखरच कात्री खाली ठेवली. जमलं, असं अलकाला वाटलं.

"दादा, अरे यात अजून एक जण मावेल!"

"मावेल? बघू तरी."

तो खाली वाकला आणि घेरातून आत घुसला. दोघं भावंडं काडीपहिलवान. कॉलरमधून त्याचं डोकं बहिणीच्या डोक्याशेजारी वर आलं, हात मात्र आतच राहिले. "बघ गं! एका बायकोत दोन माणसं!" दोघांच्या डोळ्यांना हसून हसून पाणी आलं. काखेतली शिवण टर्रकन उसवली, तरी ते हसतच होते.

अलकाने उसवलेल्या शिवणीकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि लाटणं घेऊन आली. आधी तिने फ्रॉकचा पट्टा ओढला, अगदी शेवटच्या भोकापर्यंत, आणि बक्कल अडकवलं. विद्याधरचे हात आतल्या आत जखडले.

"ए, काय करतेस?"

पहिला फटका पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. हाडावर लाकूड बसल्याचा आवाज तिला आवडला, आणि आवडला याची लाज वाटली नाही. तो बहिणीसकट टीपॉयवर कोसळला. कपबशा फुटल्या. तिने मांडीवर हाणलं, नडगीवर हाणलं, तो गुरासारखा ओरडला तरी हाणलं. फरशीवर आपटून त्याचं नाक फुटलं, तेव्हा फ्रॉकला डाग लागू नये म्हणून तिने केस धरून त्याची मान पलीकडे वळवली.

"वहिनी, माझा काय दोष?" मुग्धा रडायला लागली.

"तुम्ही हसत राहा, वन्सं. थांबू नका."

हात भरून आला तेव्हा ती थांबली. बक्कल काढलं, दोघांच्या अंगावरून फ्रॉक ओढून घेतला आणि सुई-दोरा घेऊन खिडकीशी उजेडात बसली. सुटलेली शिवण बारीक टाक्यांनी घालायला लागली. मुग्धा भिंतीला चिकटून बसली होती. विद्याधर नाकाला टॉवेल लावून फरशीवरच होता.

"अक्का! एन् आय्तु, अक्का?"

अलका टाके घालत राहिली. सुशीलम्माने पुन्हा हाक मारली. जिन्यावर तिच्या चपला वाजायला लागल्या. अलकाने हातातलं शिवण थांबवलं आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"एन् इल्ला," टॉवेलमधून विद्याधरचा आवाज आला. "पात्रे... पात्रे बित्तु."

चपला जिन्यावर थबकल्या, मग खाली गेल्या. अलकाने दोरा दातांनी तोडला.