बरणीचं झाकण

सरकारी वकील हॅलवर्सन कॉफी ढवळत म्हणाले, "हे बघ पोरी, चाकू नव्हता, हाड मोडलं नाही, बिअर तू स्वतःच्या हातानं प्यालीस. आपल्या राज्यात असल्या बलात्काराला तिसरा, म्हणजे सगळ्यात सौम्य दर्जा. आरोपी तेवढा गुन्हा कबूल करतोय. त्याचा तुरुंग टळेल, तुझी साक्ष टळेल. या तडजोडीला फक्त हो म्हण." मारिटनं स्वतः केलेल्या चेरीच्या जॅमची बरणी टेबलावर ठेवली. काउंटीच्या जत्रेत याच वकिलांनी परीक्षक म्हणून लावलेली पहिल्या नंबरची फीत अजून झाकणाला होती. "आठवतं, साहेब? प्रत्येक बरणी उघडून चाखलीत. एक बी सापडली, तर माझ्या आईचा नंबर कापलात." "त्याचं इथं काय?" "माझ्यावर काय गुदरलं, हे अजून विचारलंही नाहीत. झाकण न उघडताच नंबर लावलात." ती उठली. "मी हो म्हणत नाही. ज्यूरीपुढं उभी राहून सगळं सांगेन. बरणी ठेवा. तुम्हाला जॅमचंच कळतं."