साधी पोरगी

शिरूरच्या पार्लरात डोकंभर फॉईल बांधून प्रणाली शेळके रंग चढायची वाट बघत बसली होती. शेजारच्या खुर्चीत, तशाच फॉईलखाली बसलेल्या काकू फोनवर ठणकावून सांगत होत्या, "उद्या कारेगावला शेळक्यांची पोरगी बघायला जायचंय. साधीच पाहिजे बाई! केसं रंगवलेली निघाली, तर चहासुदिक न घेता उठायचं."

शेळक्यांची पोरगी खुर्चीतच गार झाली.

दुसऱ्या दिवशी ती कपाळापर्यंत पदर ओढून पोहे घेऊन आली. काकूंचे सासरे म्हणाले, "पोरी, पदर काढ जरा. केसं बघू दे."

काकूंनी वर बघितलं, पोरीला ओळखलं आणि स्वतःच्या डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरला.

"ऱ्हाऊ द्या हो, आबा! पदराची रीत आता एवढी पाळतंय कोण? पोरगी साधीच हाय."