फुकटचं सरपण

दल-सू पुन्हा लाकडं घेऊन आला तेव्हा ओक-बुन दारामागे उभी राहून खोकला दाबत होती.

त्याने ट्रॉली कुंपणाला लावली, एकेक ओंडका उतरवून वळचणीखाली नीट रचला आणि हाक दिली, "वहिनी, थंडी वाढणार म्हणतात. जाळताना हात आखडू नका."

ती बाहेर गेली नाही. ट्रॅक्टरचा आवाज चढणीवरच्या त्याच्या घरापाशी जाऊन थांबला, तेव्हा कुठे तिने कडी काढली.

आदल्याच दिवशी ती आरोग्यकेंद्रात जाऊन आली होती. नर्सने तिचे लाल डोळे पाहिले, खरखरीत झालेले तळहात पाहिले. केसांचे पुंजके हातात येतात हे ओक-बुनने आपणहून सांगितलं. त्यावर नर्सने भलतंच विचारलं.

"काकू, चुलाणात काय जाळता?"

"लाकडं. आणखी काय जाळणार?"

"पाडकामाची तर नाहीत ना? नदीकाठचे ते जुने लाकडी कठडे, फळ्यांच्या पायवाटा, सगळं उखडतायत सध्या. कीड लागू नये म्हणून त्या लाकडाला सोमल, म्हणजे आर्सेनिक, पाजलेला असतो. नुसतं पडून असलं तर एवढं काही नाही. जाळलं की तो धुरात येतो, राखेत उतरतो."

"ओळखायचं कसं?"

"नवं असलं की हिरवट दिसतं. जुनं झालं की वरून काही कळत नाही. दोन-चार ढलप्या आणून द्या, तपासायला पाठवते. लघवीही देऊन जा."

ओक-बुन ढलप्या देऊन आली आणि तेव्हापासून तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. दल-सू त्या नदीकाठच्याच कामावर होता. दोन वर्षांपूर्वी त्याने घरापर्यंत रस्ता काढायला तिच्या शेताची एक पट्टी मागितली होती. तिचा नवरा नुकताच गेला होता. नवऱ्याच्या मित्राने असं लगेच जमिनीचं काढावं, याचा तिला इतका संताप आला की गावच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तिने त्याला नको नको ते ऐकवलं. त्यानंतर त्याने मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि या नोव्हेंबरपासून अचानक ही लाकडं. मागितली नव्हती, पैशाचं नाव नव्हतं.

"फुकट कोण देतं गं?" शेजारची माल-न्यो मुळा चिरता चिरता म्हणाली. "एक तर जीव जडलाय, नाही तर जमिनीवर डोळा आहे. आणि तुझं तोंड बघता जीव जडण्यातलं काही दिसत नाही मला."

ओक-बुनला हसू आलं नाही. "मी गेले तर शेत कुणाचं?"

"तुझ्या पुतण्याचं. तो सोलमध्ये. मिळेल त्या भावात विकून मोकळा होईल." माल-न्योची सुरी थांबली. "अगं, मी चेष्टा करत होते."

त्या दिवशी ओक-बुनने चुलाण विझवलं. एरवी चुलाण पेटलं की त्याचा धूर जमिनीखालून फिरे आणि खोलीची फरशी उबदार होई. आता ती विजेचं पांघरूण गुंडाळून गारठलेल्या फरशीवर झोपू लागली. राख उकरून तिने कुंपणाबाहेर पुरली. विष भिंतीत मुरलं असेल म्हणून रोज सकाळी खिडक्या सताड उघडून ठेवी. असे दोन आठवडे गेले. खोकला कमी व्हायचं नाव घेईना. उलट बोटांना मुंग्या येऊ लागल्या.

एकदा दल-सू उतारावर समोरच आला. त्याचाही चेहरा उतरला होता, गालफडं बसली होती.

"वहिनी, तुमचं धुराडं थंड दिसतंय. लाकडं ओली निघाली का?"

"कुठली आहेत ती लाकडं?"

"कामावरची."

"म्हणजे नदीकाठची?"

"असतात सगळीकडची." तो बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला. "तुमच्याकडची चांगली आहेत. बिनघोर जाळा."

"तुम्हाला बरी एवढी खात्री, भावजी."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली. बाहीत तोंड लपवून तो तसाच निघून गेला. बोलायचं टाळलं त्याने, असं ओक-बुनच्या मनाने घेतलं.

शुक्रवारी सकाळी नर्सचा फोन आला.

"काकू, लाकूड स्वच्छ आहे. साधं पाइन. औषधाचा थेंबही नाही त्यात."

ओक-बुनने विचारलं, "मग मला काय झालंय?"

"लघवीत सोमल आहे, आणि बराच आहे. तुमच्या घरात दुसऱ्या कुणाचा धूर येतो का?"

तिने मान वळवली. उघड्या खिडकीतून वरच्या घराचं धुराडं दिसत होतं. वारा पडलेला होता. धूर वर न चढता उतारावरून घरंगळत थेट तिच्या अंगणात, वाळत घातलेल्या मुळ्याच्या पाल्यावर येऊन बसत होता.

म्हणजे तोंड बंद करायला चांगली लाकडं, आणि वरून हा विषारी धूर. फोन ठेवून ती तशीच चढण चढू लागली. दम लागत होता, तरी थांबली नाही. दोन वर्षांपूर्वी बैठकीत बोलली होती त्यापेक्षा वाईट शब्द तिने वाटेत जुळवले.

दल-सू चुलाणापुढे उकिडवा बसला होता. त्याच्या मागे फळ्यांचा ढीग होता, करवतलेल्या टोकांवर हिरवट झाक. त्याच्या उघड्या हातांवर चट्टे उठले होते. हातातली फळी त्याने आत सारली आणि तिला पाहून ओशाळून उठला.

"दल-सू, हे काय जाळतोयस तू?"

"खालपर्यंत वास येतो का?" तो चाचरत म्हणाला. "घाण वास आहे यांना, माहीत आहे मला. म्हणून तर प्रत्येक ट्रॉलीतली चांगली निवडून तुमच्याकडे टाकतो, वहिनी. मला मग हीच उरतात."